कण्हणे, कुरकुर आणि गाऱ्हाणे : दुःखाच्या आवाजांची मराठी नावे



आज आपल्याला आवाजांबद्दल बोलायचं आहे. गाण्याचे आवाज नव्हेत. माणसाला दुखतं, माणसाचं कुणी जातं, माणसाला अन्याय सोसवत नाही, तेव्हा त्याच्या गळ्यातून जे काही बाहेर पडतं त्याला मराठीत काय काय नावं आहेत, आणि ती नावं आपल्याला काय शिकवतात, एवढाच आजचा विषय. वरवर पाहिलं तर हा शब्दकोशाचा विषय. पण थोडं खणलं की तो तत्त्वज्ञानाचा होतो. आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो रोजच्या जगण्याचाही आहे. तो कसा, तिकडे शेवटी येऊ.

आधी शब्द गोळा करू या. तीन ढीग करता येतात.

पहिला ढीग शरीराच्या दुखण्याचा. कण्हणे, कुंथणे, विव्हळणे, किंचाळणे. हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, बरं का. कण्हणं संथ असतं, श्वासाच्या लयीत येतं, ऐकणारा जवळ असो नसो, चालूच राहतं. तापातला माणूस झोपेतही कण्हतो. कुंथण्यात जोर लावणं आहे, शरीर काहीतरी रेटतं आहे. विव्हळणं हे संस्कृतातल्या ‘विह्वल’शी जोडलेलं, त्यात माणूस नुसता दुखण्यात नाही, तर सैरभैर झालेला आहे. आणि किंकाळी एकदाच फुटते, अचानक. रात्रभर कण्हता येतं, रात्रभर किंकाळी मारता येत नाही.

दुसरा ढीग शोकाचा. इथे मराठीने जणू पायऱ्याच बांधून ठेवल्या आहेत. मुसमुसणं, स्फुंदणं, हुंदके देणं, हमसून हमसून रडणं, ओक्साबोक्शी रडणं, धाय मोकलून रडणं, टाहो फोडणं, आणि सगळ्यात वर हंबरडा. हंबरडा हा शब्द गोठ्यातून आलाय. वासरासाठी गाय हंबरते, आणि लेकरू गेलेली आई हंबरडा फोडते. भाषेने इथे माणसाला जनावराच्या पातळीवर आणलं असं कुणी म्हणेल. आम्हाला वाटतं, उलट आहे. गाईच्या आवाजातली आई भाषेला ऐकू आली, आणि तिने तो आवाज माणसाच्या आईला देऊन टाकला.

तिसरा ढीग तक्रारीचा. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, धुसफूस, ओरड, बोंब, रडगाणं, गाऱ्हाणं, तक्रार, कैफियत, फिर्याद. इथे एक गंमत बघा. यातले पहिले पाच शब्द फक्त माणसांचे नाहीत. दाराची बिजागरी कुरकुरते. रातकिडा किरकिर करतो. पिरपिर पावसाची. भुणभुण डासांची. धुसफूस ओल्या लाकडांच्या चुलीची. माणसाच्या तक्रारीला आपण ही नावं देतो, तेव्हा नेमकं काय करतो? हा प्रश्न बाजूला ठेवा. थोड्या वेळाने लागेल.

आता नामांकडून क्रियापदांकडे जाऊ. मराठीत या प्रत्येक आवाजाचं एक ठरलेलं क्रियापद आहे. टाहो आणि हंबरडा आपण ‘फोडतो’. हुंदका ‘फुटतो’, किंवा आपण तो ‘आवरतो’, ‘दाबतो’, ‘गिळतो’. सुस्कारा ‘टाकतो’, ‘सोडतो’. गळा ‘काढतो’. बोंब ‘मारतो’. गाऱ्हाणं ‘सांगतो’ किंवा ‘मांडतो’, कोकणात ‘घालतो’. कैफियत ‘मांडतो’. तक्रार ‘करतो’, आणि हल्ली ‘नोंदवतो’. फिर्याद ‘दाखल करतो’.

ही यादी एका सरळ रेषेत वाचा. फुटणं ही आपोआप होणारी गोष्ट आहे. पाण्याचा हंडा फुटावा तसा हुंदका फुटतो. आवरणं, गिळणं हे आपल्या हातात आलं. सांगणं म्हटलं की समोर कुणीतरी हवं. मांडणं म्हटलं की क्रम हवा, आधी काय नंतर काय ते ठरवायला हवं. नोंदवणं म्हटलं की वही हवी, खिडकी हवी, खिडकीमागे माणूस हवा. दाखल करणं म्हटलं की कायदा हवा. म्हणजे हुंदक्यापासून फिर्यादीपर्यंतचा सगळा रस्ता, शरीरापासून संस्थेपर्यंतचा, मराठी क्रियापदांनी आखून दिलेला आहे. आपण तो रोज बोलतो आणि बघत मात्र नाही.

हा रस्ता सुरू कुठे होतो? लुडविग विट्गेन्श्टाइन या तत्त्वज्ञाच्या मृत्यूनंतर 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या पुस्तकात 244 वा परिच्छेद याच प्रश्नावर आहे. ‘वेदना’ हा शब्द माणूस शिकतो कसा? तो एक शक्यता सुचवतो. मूल पडतं, रडतं. मोठी माणसं त्याला आधी उद्गार शिकवतात, मग वाक्यं शिकवतात. ‘दुखतंय’ हा शब्द रडण्याचं वर्णन करत नाही, तो रडण्याच्या जागी येऊन बसतो. ‘मला दुखतंय’ हे बातमी दिल्यासारखं वाक्य नाही. शिकलेल्या रडण्याचाच तो एक प्रकार आहे.

आता आपल्या घरात हे कसं होतं ते पाहू. मूल आपटलं की आपण काय करतो? ‘कुठे बाऊ झाला? हात रे जमिनीला!’ म्हणून फरशीला चापट मारतो. हसण्यासारखं आहे, पण त्या दोन वाक्यांत मुलाला दोन गोष्टी मिळतात. ‘बाऊ’ हे दुखण्याचं नाव मिळतं. आणि ज्याने दुखवलं त्याला जाब विचारता येतो, हेही कळतं. वेदनेचा शब्द आणि तक्रारीचा पाया, दोन्ही एकाच बैठकीत.

पुढे ते मूल ‘आई गं’ म्हणायला शिकतं. शाळेच्या व्याकरणात आपण ‘अरेरे’, ‘हाय हाय’ यांच्या शेजारी ‘आई गं’ घोकलं होतं : केवलप्रयोगी अव्यय, शोकदर्शक. केवलप्रयोगी म्हणजे वाक्याशी ज्याचा संबंध नाही असं. व्याकरणाच्या सोयीसाठी ठीक. पण ‘आई गं’मधला ‘गं’ ऐका ना. तो हाक मारण्याचा ‘गं’ आहे. सत्तरीचा माणूस जिना उतरताना गुडघ्यातून कळ आली की ‘आई गं’ म्हणतो. आईला जाऊन तीस वर्षं झालेली असतात. तिथे आई नाही, पण हाक आहे. चाकणच्या एखाद्या शेडमध्ये बिहारहून आलेला मुलगा ‘माई रे’ म्हणतो, तेव्हाही हेच. म्हणजे आपला सगळ्यात खासगी, सगळ्यात अनावर उद्गारसुद्धा कुणाला तरी उद्देशून आहे. वेदना एकट्याची असते. तिचा आवाज एकट्याचा नसतो.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण सोंगही करता येतं की. खरं आहे. मराठीत त्यासाठी ‘कांगावा’ हा खास शब्द आहे, नक्राश्रू आहेत. म्हणून विव्हळणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न अस्सल आहे. पण विट्गेन्श्टाइनच पुढे, 249 व्या परिच्छेदात म्हणतो, की खोटं बोलणं हासुद्धा शिकावा लागणारा खेळ आहे. तान्ह्या बाळाचं रडणं सोंग असू शकत नाही. सोंग जमण्यासाठी आधी खरं रडणं ओळखीचं असावं लागतं. कांगावा हा शब्द भाषेत टिकून आहे, तो खऱ्या आक्रोशावर आपला भरवसा आहे म्हणूनच. सगळेच आक्रोश खोटे मानले, तर कांगावा करूनही काही मिळायचं नाही.

वैद्यकशास्त्राला हा प्रश्न पुस्तकात ठेवून चालत नाही. मोठ्या माणसाला डॉक्टर विचारतात, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? पण न बोलणाऱ्या मुलाचं काय? त्यासाठी 1997 साली अमेरिकेत ‘फ्लॅक’ नावाची पट्टी तयार झाली. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. त्यात रडण्याचे गुण कसे? रडत नसेल तर शून्य. कण्हत, कुरकुरत असेल तर एक. सतत रडत, किंचाळत, हुंदके देत असेल तर दोन. म्हणजे आपण मघाशी शब्दांचे जे ढीग केले, त्यांना तिथे गुण मिळतात. आणि वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिलं, की शब्दांत सांगणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक आहे. सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं ठरत नाही. हे वाक्य रुग्णालयापुरतं नाही. ते लक्षात ठेवू.

आता ॲरिस्टॉटलकडे वळू. ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो एक भेद करतो. आवाज प्राण्यांनाही आहे. सुख-दुःख ते आवाजाने एकमेकांना कळवतात. पण वाणी फक्त माणसाला आहे, आणि ती हिताचं-अहिताचं, न्याय्य-अन्याय्य काय ते सांगण्यासाठी आहे. त्या सामाईक न्यायबुद्धीवर घर उभं राहतं आणि नगर उभं राहतं. थोडक्यात, ‘आई गं’ हा आवाज. ‘माझ्यावर अन्याय झाला’ ही वाणी.

मराठीचे शब्द मात्र या भिंतीला भोक पाडतात. ‘फिर्याद’ घ्या. मूळ फारसी ‘फर्याद’, आणि त्याचा अर्थ आर्त हाक, मदतीसाठी मारलेली आरोळी. जी आरोळी होती ती कचेरीत जाऊन कागद झाली. ‘दाद मागणे’मधली दाद म्हणजे फारसीत न्याय. ‘कैफियत’ अरबीतून आलेली. ‘कसं’ विचारणारा ‘कैफ’ तिच्या पोटात आहे. कैफियत म्हणजे जे घडलं ते कसं घडलं, त्याची हकीकत. आणि ‘तक्रार’? अरबीत तिचा अर्थ आहे पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा म्हणणं. कचेरीत कधीही खेटे घातलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही. ‘गाऱ्हाणं’ मात्र संस्कृतातल्या ‘गर्हणे’तून आलं असं मानतात, गर्हणा म्हणजे निंदा, दोष देणं. म्हणजे गाऱ्हाण्यात नुसतं दुखणं नाही, कुणाचं चुकलं हा निवाडाही आहे.

तेव्हा आवाज आणि वाणी या दोन वेगळ्या जाती नाहीत. एकाच रस्त्याची ती दोन टोकं आहेत. फिर्यादीच्या पोटात अजून आरोळी आहे, आणि ‘आई गं’च्या पोटात आधीच हाक आहे.

मग मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न उचलू. माणसाच्या तक्रारीला आपण ‘किरकिर’ म्हणतो तेव्हा काय करतो? लक्ष द्या, ‘मी किरकिर केली’ असं कुणी सहसा म्हणत नाही. आपण स्वतः ‘सांगत’ असतो. किरकिर नेहमी दुसरा करतो. सून सांगते, ती भुणभुण. म्हातारा सांगतो, ते रडगाणं. कामगार सांगतो, ती कुरकुर. कण्हणं हा आवाजाचा शब्द आहे. कुरकुर हा ऐकणाऱ्याच्या निकालाचा शब्द आहे. ज्यात शब्द होते, वाक्य होतं, कारण होतं, त्यातून ऐकणाऱ्याने अर्थ काढून घेतला आणि नुसता आवाज शिल्लक ठेवला. रातकिड्याचा, डासाचा, बिजागरीचा. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक रांसिएर याने 1995 च्या आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटलला हाच प्रश्न विचारला आहे : कुणाचं बोलणं वाणी म्हणून धरायचं आणि कुणाचं नुसता आवाज म्हणून सोडायचं, हे ठरवतं कोण? त्याच्या मते राजकारण सुरू होतं ते इथूनच. मराठी माणसाला हे कळायला फ्रान्सला जायची गरज नाही. ‘अरण्यरुदन’ हा शब्द आपल्याकडे आहे. अरण्यात रडणाऱ्याचा आवाज लहान नसतो. ऐकणारं कुणी नसतं, एवढंच.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आणि पुढच्या काही दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं कारखान्यांची झाली. 1982 साली महानगरपालिका झाली. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण या शतकात मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इथून माणसं आली. मोठ्या कंपन्यांभोवती सुटे भाग करणारी लहान वर्कशॉपं उभी राहिली. पॉवर प्रेसखाली बोट जाणं ही या धंद्यातली जुनी, सगळ्यांना माहीत असलेली दुखापत आहे.

अशा शेडमध्ये आवाजांचं काय होतं? कारखान्यांच्या नियमांत 8 तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही आवाजाची मर्यादा धरलेली आहे, आणि गोंगाटाने येणारं बहिरेपण 1948 च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये होतं. एवढ्या आवाजात शेजारच्या माणसाचं कण्हणं ऐकू येणार कसं? माणसं खुणांनी बोलतात. पण एक आवाज बरोबर ऐकला जातो. मशीनच्या बेअरिंगचा आवाज बदलला की अनुभवी ऑपरेटरचा कान टवकारतो. लगेच मेंटेनन्सला निरोप जातो, वहीत नोंद होते, वेळ लिहिली जाते. मशीनच्या कुरकुरीला नोंदवही आहे. ती असायलाच हवी. प्रश्न एवढाच की त्याच मशीनवर उभ्या असलेल्या माणसाची पाठ कुरकुरायला लागली, तर ती कुठल्या वहीत लिहायची?

कायद्याने त्याला उत्तर दिलेलं आहे, ते न सांगणं अन्याय होईल. 2010 साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी असं ठरलं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही अशी समिती आहे. मालक आणि कामगार, दोघांचे सारखे प्रतिनिधी. शहराच्या पातळीवर आपल्या महापालिकेची ‘सारथी’ हेल्पलाइन आहे. म्हणजे वही आहे, खिडकी आहे.

पण आपण आखलेला रस्ता आठवा. हुंदका फुटतो, तक्रार मात्र मांडावी लागते. मांडायला भाषा लागते, क्रम लागतो, उद्याही हे काम असेल असा भरवसा लागतो. समजा, ओडिशातून आलेला, ठेकेदाराकडून लागलेला एक मुलगा आहे. मनगटात ठणका आहे. ‘ठणका’ हा शब्द त्याच्याकडे नाही, ‘दर्द’ आहे. सुपरवायझरला तो ‘दर्द होता है’ म्हणतो. कळ, चमक, ठणका, ठसठस, रग, मुंग्या यांतलं नेमकं काय, हे त्या एका ‘दर्द’मध्ये बुडून जातं. अर्ज लिहून देणारं कुणी नाही. तक्रार केली तर पुढच्या महिन्यात ठेका नव्या माणसाला, ही धास्ती आहे. अशा अवस्थेला मराठीत फार नेमकं बोललं जातं : तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बुक्क्यांइतकीच त्यात तोंड दाबण्याचीही तक्रार आहे.

आणि मग एक दिवस पेपरात येतं, ‘कामगारांमध्ये धुसफूस’. ओली लाकडं बरेच दिवस धुमसत होती. धूर दिसला तेव्हा बातमी झाली.

यावर तत्त्वज्ञानाचा माणूस काय सांगणार? उपाय सांगणं आमच्या अधिकारातलं नाही. पण आपल्या परंपरेत ऐकण्याच्या दोन रीती आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवता येईल.

एक कोकणातलं गाऱ्हाणं. तिथे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण बोलतो आणि प्रत्येक मागणीला जमलेली सगळी मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दुखणं एकाचं असेल, होकार गावाचा असतो. एकट्याची ती किरकिर झाली असती. होकार मिळाला म्हणून ते गाऱ्हाणं झालं.

दुसरी रीत आपल्या दाराशी आहे. चाकणच्या कारखान्यांपासून देहू काही लांब नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांनी घरातली माणसं गमावली. त्यांच्या गाथेत करुणेचे अभंग आहेत, आणि विठ्ठलाशी उघड भांडणही आहे. भांडता येतं ते नातं असतं म्हणून. परक्यापुढे माणूस कण्हेल; गाऱ्हाणं आपल्या माणसापुढेच सांगेल. म्हणून आपल्यापुढे कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं, तर त्याने आपल्याला काहीतरी मानलेलं असतं. त्याला ‘किरकिर’ म्हणणं म्हणजे ते मानणं नाकारणं.

तेव्हा या आठवड्यात एक साधी गोष्ट करून बघू. घरात, सोसायटीत, शेडमध्ये कुणाच्या बोलण्याला ‘कुरकुर’, ‘पिरपिर’, ‘रडगाणं’ म्हणायचा मोह झाला, की तो शब्द तोंडातच थांबवायचा आणि विचारायचं : यात वाक्य कोणतं होतं? ‘पाठ दुखते’ होतं? ‘पाळी बदलून द्या’ होतं? ‘मला कुणी विचारत नाही’ होतं? वाक्य सापडलं, तर ते खरं की खोटं हे पाहता येईल, त्यावर वाद घालता येईल, नाहीही म्हणता येईल. नाही म्हणणं हेसुद्धा उत्तरच आहे. रातकिड्याला कुणी नाही म्हणत नाही.

‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही,’ असं आपण म्हणतो, आणि सगळा भार रडणाऱ्यावर टाकतो. पण आई नुसत्या रडण्यावर थांबत नाही. हे रडणं भुकेचं, हे पोट दुखल्याचं, हे झोप आल्याचं, एवढं ती ओळखू पाहते. ते कान तिला जन्मतः मिळालेले नसतात. बाळाजवळ जागून जागून ते तयार होतात.

इथे थांबू या. पुढच्या व्याख्यानात मौनाबद्दल बोलू : न बोलणं, अबोला आणि गप्प बसवणं, या तीन गोष्टी वेगळ्या कशा.